शरद ऋतू पायांनी पाहावा, हातांनी सजवावा

प्रति,
मा. संपादक,

विषय : घरी केलेली सणाची सजावट आणि नाशिक परिसरातील एका दिवसाच्या सहली

महोदय,

घटस्थापना चार दिवसांवर आली आहे. पावसाने अजून पुरता निरोप घेतलेला नाही. पण सकाळी गंगापूर रस्त्याने फिरायला निघाले की गवताच्या पात्यांवर दव दिसते, आकाश धुऊन पुसून ठेवल्यासारखे निळे असते आणि दोन महिने गढूळ वाहणारे गोदावरीचे पाणी हळूहळू निवळू लागलेले असते. अगस्तीचा तारा उगवला की पाणी निवळते, असे आमच्या घरातली जुनी माणसे सांगत. आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने नाशिककरांच्या वाट्याला वर्षातला सर्वांत देखणा काळ घेऊन येतात, आणि तो आपण बहुतेक सगळे जण रांगेत उभे राहून घालवतो, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या दिवसांत घराघरांत दोन बेत ठरतात. एक सजावटीच्या खरेदीचा आणि दुसरा सुट्टीत कुठे तरी जाऊन येण्याचा. पहिला बेत मेन रोड आणि रविवार कारंज्याच्या गर्दीत पार पडतो, दुसरा एखाद्या हॉटेलच्या आवारात. दोन्हींत पैसे बरेच जातात आणि मुलांच्या लक्षात फारसे काही राहत नाही. मी तीसएक वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांना ‘सुट्टीत काय केले’ असे विचारले, तर ‘आम्ही फिरायला गेलो होतो’ याच्या पुढे वाक्य जात नसे. पण ज्या मुलाने स्वतः किल्ला केला असेल, त्याला थांबवावे लागे. तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की सहल आणि सजावट ही दोन वेगळी कामे नाहीत. जे पाहून यावे तेच घरी येऊन हातांनी करावे, आणि जे घरी करायचे आहे ते आधी त्याच्या मूळ जागी जाऊन पाहून यावे. एवढे एक सूत्र धरले, तर दसऱ्यापासून त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंतचे दिवस किती भरलेले जातात, हे मी गेली काही वर्षे माझ्या दोन नातवंडांबरोबर अनुभवते आहे.

गेल्या वर्षी एका दुकानात दारावर लावण्याच्या नव्या तऱ्हेच्या माळा पाहिल्या. लाल-नारिंगी रंगाची, टोकाटोकांची प्लास्टिकची पाने दोऱ्यात ओवलेली होती. ती मेपलची पाने होती. आमच्या शेजाऱ्यांची मुलगी कॅनडात असते. ती दरवर्षी तिकडच्या रंगलेल्या रानांची छायाचित्रे पाठवते आणि मी ती मोठ्या कौतुकाने पाहते. दिवस लहान होऊन गारठा वाढू लागला की तिकडची झाडे पानांतले हरितद्रव्य नव्याने तयार करणे थांबवतात. हिरवा रंग विरत गेला की पानात मुळातच असलेला पिवळा आणि नारिंगी रंग उघडा पडतो, आणि काही झाडांच्या पानांत तांबडा रंग नव्याने तयार होतो. दाराशी भोपळे मांडण्याची त्यांची रीतही त्यांच्या सुगीतूनच आलेली आहे. तिकडच्या लोकांनी ते करावे, त्यांना ते शोभते. आपल्याकडे मात्र पानगळ शिशिरात होते. आपला शरद म्हणजे काठोकाठ भरलेली धरणे, पोटरीतून बाहेर पडलेल्या भाताच्या लोंब्या, डोंगरउतारावरची पिवळी फुले आणि रात्रीचे स्वच्छ चांदणे. ज्या ऋतूत आपली झाडे हिरवीगार आहेत, त्या ऋतूत दारावर वाळक्या पानांची प्लास्टिकची माळ लावणे मला फार परके वाटते, विशेषतः जेव्हा आपल्या दारासाठी लागणारे सगळे काही आपल्याच जिल्ह्यात तासाभराच्या अंतरावर उभे असते.

नाशिकचे भाग्य असे की आपल्या एका जिल्ह्यात दोन मुलूख आहेत. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा भरपूर पावसाचा, भात, नागली आणि वरईचा मुलूख. पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगाव हा कमी पावसाचा, बाजरीचा. आमच्या घरचे दसऱ्याचे तोरण या दोन्ही बाजूंनी येते. आंब्याची पाने आणि झेंडू तर सगळेच लावतात; आम्ही त्यात पश्चिमेकडच्या हळव्या भाताच्या लोंब्या आणि पूर्वेकडची बाजरीची कणसे गुंफतो. हळवा भात दसऱ्याच्या सुमारास पिवळा पडू लागतो, गरवा मात्र दिवाळीपर्यंत आणि त्यानंतरही उभा असतो, हे माझ्या नातवाला पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर त्र्यंबक रस्त्यावरच्या एका शेताच्या बांधावर समजले. शेतकऱ्याला विचारून, त्याला दोन पैसे देऊन मूठभर लोंब्या देठासकट घ्याव्यात. विचारल्याशिवाय एकही काडी तोडू नये, हे मुलांना तेथेच सांगावे.

लोंब्यांचे तोरण करण्याची एक रीत आहे. लोंब्या आणल्या की दोन दिवस सावलीत, देठ वर आणि दाणे खाली असे टांगून ठेवाव्यात, म्हणजे देठ पिवळसर होतात पण मोडत नाहीत. गुंफण्याआधी देठांवर पाणी शिंपडून ते ओल्या फडक्यात तासभर गुंडाळून ठेवावेत. मग तीन-तीन देठांची वेणी घालत जावे आणि दर चार बोटांवर नवी लोंबी घ्यावी. दाण्यांचे झुपके आपोआप खाली लोंबू लागतात. पहिल्या वर्षी मी देठ न भिजवता वेणी घालायला बसले आणि अर्ध्याहून अधिक देठ हातात तुटले. आता माझी आठ वर्षांची नात स्वतःच फडके भिजवून बसते. तोरण लावल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर चिमण्या येतात. आधी एक येते, दाराच्या जाळीवर बसून पाहते, मग लोंबीला उलटी लटकून दाणा काढते आणि टरफल उंबऱ्यावर टाकते. लक्ष्मीपूजनापर्यंत आमच्या तोरणात दाणा शिल्लक नसतो. नुसते पेंढ्याचे सोनेरी झुपके राहतात आणि तेही सुंदर दिसतात. सिमेंटच्या वसाहतीत चिमण्या दिसत नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांनी हा एक उपाय अवश्य करून पाहावा.

आता फुलांविषयी. या सुमारास त्र्यंबक, पेठ आणि सुरगाण्याच्या वाटेवर खुरासणीची शेते पिवळीधमक झालेली असतात. घटावर चढवायच्या माळेसाठी खुरासणीची फुले आमच्या सासूबाई मुद्दाम मागवीत. शेतातले पीक असल्यामुळे ती शेतकऱ्याकडून रीतसर घेता येतात. रानफुलांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती सांगताना मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही अंजनेरीला गेलो होतो. पठारावर सोनकी इतकी फुलली होती की पाय कोठे ठेवावा कळेना; तेरडा, रानतीळ, कुर्डू यांचेही ताटवे होते. मी घरच्या फुलदाणीसाठी सोनकीची मोठी जुडी तोडून घेतली. गाडी नाशकात शिरेपर्यंत तिने माना टाकल्या होत्या आणि रात्री ती कचऱ्यात गेली. सोनकी ही हजारोंनी फुलते, तिला माझ्या एका जुडीने काही झाले नसेल. पण माझ्यामागून येणाऱ्या दोन शाळकरी मुलींनी माझे पाहून तसेच केले, हे मी त्या वेळी पाहिले आणि तेच मला टोचत राहिले.

अंजनेरीवर तर फार सांभाळून वागायला हवे. हनुमानाचे जन्मस्थान या श्रद्धेमुळे तेथे भाविकांची ये-जा असतेच. त्याबरोबरच तो डोंगर गिधाडांचे आणि दुर्मिळ वनस्पतींचे घर असल्यामुळे संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. तेथे कंदीलपुष्पाची एक जात आढळते, जिला वनस्पतिशास्त्रात या डोंगराचेच नाव मिळाले आहे. कंदीलपुष्प ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते : फुलाचा खालचा भाग बारीक नळीसारखा असतो आणि वर पाकळ्यांची टोके एकमेकांना चिकटून त्यांचा हुबेहूब छोटा कंदील होतो. त्या पाकळ्यांच्या मधल्या खिडक्यांतून बारीक माशी आत शिरते, नळीतल्या केसांमुळे तिला काही काळ बाहेर येता येत नाही, आणि फूल सैलावले की परागकण घेऊन ती सुटते. गवतात वाकून, गुडघे टेकून पाहिल्याशिवाय हे फूल दिसत नाही. त्याचा कंद उपटला की ते झाड कायमचे गेले. म्हणून तेथे फक्त पाहावे, चित्र काढावे आणि परत यावे. माझ्या नातीने चित्रवहीत काढलेला तो कंदील गेल्या वर्षी आमच्या घरी कागदाचा होऊन टांगला गेला. त्याची हकीकत पुढे येते.

त्याआधी आपट्याबद्दल एक विनंती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शहरात आपट्याच्या म्हणून ज्या जुड्या विकायला येतात, त्यांतल्या पुष्कळशा कांचनाच्या असतात. आपटा आणि कांचन ही एकाच कुळातली झाडे. पण आपट्याचे पान लहान, जाडसर, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते, कांचनाचे मोठे आणि मऊ. पान कोणतेही असो, फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी तेच सोने रस्त्यावर तुडवले जाते. आमच्या वसाहतीत एकच आपटा आहे. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सकाळी त्याची खालची प्रत्येक फांदी मोडलेली आढळली, तेव्हा आम्ही काही जणींनी ठरवले की प्रत्येक घराने देवापुढे ठेवायला एकच पान घ्यावे आणि वाटायचे सोने घरी करावे. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद आपट्याच्या आकारात कापायचा, मधोमध दुमडून शीर पाडायची, एका बाजूने हळदीचा आणि दुसऱ्या बाजूने हिरव्या रंगाचा हात द्यायचा, आणि मागे ज्याला द्यायचे त्याचे नाव लिहायचे. गेल्या दसऱ्याला वसाहतीतल्या मुलांनी अशी तीनशेच्या वर पाने केली. आजोबा-आजींनी ती पाने अजून देव्हाऱ्यात जपून ठेवली आहेत, कारण त्यांवर नातवंडांच्या हातचे अक्षर आहे. झाडालाही यंदा खालपर्यंत पालवी आहे.

झेंडूचेही असेच. मूळचा मेक्सिकोचा हा पाहुणा आपल्या दसऱ्यात असा काही मिसळून गेला आहे की त्याच्यावाचून तोरण होत नाही. दसऱ्याच्या सकाळी भाव चढलेला असतो आणि संध्याकाळी शेतकरी उरलेला माल रस्त्याच्या कडेला ओतून रिकाम्या हाताने परततो, हे आपण गणेशवाडीत दरवर्षी पाहतो. संध्याकाळी आवर्जून दोन किलो फुले घ्यावीत. पाकळ्या सावलीत वाळवल्या तर दिवाळीच्या रांगोळीत भरायला होतात, आणि पाकळ्या उकळून त्या पाण्यात तुरटी घालून जुने सुती कापड बुडवले तर त्याला पक्का हळदुला रंग चढतो. आमच्या दिवाणखान्यातले पडदे असेच रंगवलेले आहेत.

आकाशकंदिलाकडे येते. बाजारात मिळणारा घडीचा कंदील पाच मिनिटांत उघडतो आणि पुढच्या वर्षी कचऱ्यात जातो. आपला जुना कंदील करायला एक अख्खा रविवार लागतो, आणि माझ्या मते तोच त्याचा गुण आहे. त्याला सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या लागतात. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे, मग प्रत्येक चौकोनाचा कोपरा शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला जोडत जायचे. बारा गाठी पुऱ्या झाल्या की मधल्या मोकळ्या जागांत आठ त्रिकोण आपसूक तयार होतात. ते कोणी करावे लागत नाहीत, आणि मुलांना याचेच सर्वांत मोठे नवल वाटते. सांगाडा टेबलावर ठेवून हलवून पाहावा. डुगडुगला तर एखादी गाठ सैल आहे असे समजावे. कागद चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ शिजवावी. किडे लागू नयेत म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालीत. तो विषारी असल्याने लहान मुले काम करणार असतील तर तो टाळावा आणि खळ रोज ताजी करावी. पतंगाचा पातळ कागद कामटीवर ताणून बसवायचा, सुरकुती पडली तर ओल्या बोटाने हलकेच सोडवायची, आणि कडा वाळल्यावरच झिरमिळ्या लावायच्या. गेल्या वर्षी नातीने हट्ट धरला की आपल्याला अंजनेरीवर पाहिलेल्या फुलाचा कंदील करायचा आहे. आम्ही बांबूच्या पाच बारीक कामट्या वर एकत्र बांधून, खाली फुगवून, मधे खिडक्या ठेवून तो केला. तो जरा तिरका झाला होता. पण दिवा लावल्यावर त्याच्या खिडक्यांतून भिंतीवर पाच उजळ पाकळ्या पडल्या आणि ती मुलगी रात्री दहापर्यंत अंगणातून आत आली नाही.

किल्ल्याची सहल ही दिवाळीच्या किमान आठवडाभर आधी करावी, म्हणजे पाहून आलेला किल्ला अंगणात उभा करता येतो. घरात लहान मुले आणि गुडघे दुखणारी माणसे दोन्ही असतील तर रामशेजसारखा किल्ला नाही. पेठ रस्त्याने आशेवाडीपर्यंत गेले की तो समोरच दिसतो. शहरापासून अर्ध्या-पाऊण तासात पायथा येतो. चढ फार नाही; वाटेत गुहेत रामाचे देऊळ आहे, वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि एक चोरदरवाजा आहे, जो शोधण्यात मुलांचा अर्धा तास सहज जातो. छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात या लहानशा किल्ल्याने औरंगजेबाच्या फौजेला काही वर्षे झुंजवत ठेवले, हे वर उभे राहून चारी बाजूंचे सपाट रान पाहिल्यावर अधिक नवलाचे वाटते. किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून डागल्याची कथा आमच्या नातवाने इतकी मनावर घेतली की त्याच्या किल्ल्यावर पेन्सिलींचे तुकडे काळे रंगवून ठेवलेल्या सात तोफा होत्या. विटा, दगड, गोणपाट आणि चिखल यांचा तो किल्ला. उतारावर हळीव पेरलेले. आणि चोरदरवाजा बरोबर त्याच बाजूला. ज्यांच्याकडे पूर्ण दिवस आणि धडधाकट पाय आहेत, त्यांनी बागलाणात साल्हेर पाहावा. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादीत गेला. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी दिवाळीत त्याची प्रतिकृती करू नये, तर कोणी करावी?

रामशेजहून परतताना आम्ही दिंडोरीच्या बाजूने आलो आणि तेथे एक गोष्ट नव्याने हाती लागली. ऑक्टोबरात द्राक्षबागांची गोडी छाटणी चालू असते. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर वाढून पिकलेली काडी या वेळी मोजके डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून छाटतात, मग डोळे फुटावेत म्हणून त्यांवर पेस्ट लावतात. आठवडा-दोन आठवडे बाग अगदी उघडी दिसते आणि मग एकदम पोपटी फुटवा येतो. छाटलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. बागायतदाराच्या परवानगीने आम्ही पेस्ट न लागलेल्या काड्यांचा एक भारा आणला, स्वच्छ धुतला, रात्रभर पाण्यात भिजवला आणि सकाळी त्या वळवून हातभर व्यासाची चुंबळ केली. ताज्या काडीला स्वतःचा पीळ असतो. एकीभोवती दुसरी गुंडाळत गेले की दोरीही लागत नाही. टोकाचे वेलतंतू तसेच ठेवावेत, शोभा त्यांचीच आहे. त्या चुंबळीवर उरलेल्या लोंब्या, वाळवलेले झेंडू आणि मधे एक पणती टांगली की दारावर नाशिकची द्राक्षे, भात आणि फुले एकत्र आलेली दिसतात. दसऱ्याला केलेली ही चुंबळ तुळशीच्या लग्नापर्यंत टिकते, आणि तीच पुढच्या वर्षी धुऊन पुन्हा वापरता येते. आपल्या जिल्ह्याइतक्या द्राक्षकाड्या दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यात निघत असतील असे मला वाटत नाही. एखाद्या बचत गटाने हे काम हाती घेतले तर बाजारात प्लास्टिकच्या माळांशेजारी ही चुंबळ सहज उभी राहील.

रांगोळीसाठी सिन्नरला जाऊन यावे. गोंदेश्वराच्या आवारात मधले शिवमंदिर आणि चार कोपऱ्यांतली चार लहान मंदिरे पाहताना मुलांच्या हाती ठिपक्यांची वही द्यावी. भिंतीवरची एकेक नक्षीची पट्टी वहीत उतरवली की पाडव्यापर्यंत पुरतील एवढ्या रांगोळ्या होतात.

भाऊबीज झाली की नांदूरमधमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला, त्याच्या पाण्यात गाळ साचत गेला आणि निफाड तालुक्यात ही उथळ पाणथळ तयार झाली. २०२० च्या जानेवारीत तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा जाहीर झाला, आणि असा दर्जा मिळालेले ते महाराष्ट्रातले पहिले ठिकाण. ऑक्टोबरच्या अखेरीस उत्तरेकडचे पक्षी उतरू लागतात. सकाळी सूर्य वर येण्याआधी मनोऱ्यावर पोहोचावे, भडक कपडे आणि मोठ्याने बोलणे टाळावे. चक्रवाकांची जोडी, चमच्यासारख्या चोचीचा थापट्या, पाणवनस्पतींतून लांब बोटांनी चालणारी जांभळी पाणकोंबडी एवढे तर पहिल्या फेरीतही दिसतात. स्थानिक मार्गदर्शक घ्यावा; त्याच्या डोळ्यांना दिसणारे आपल्याला दिसत नाही, आणि त्याच्या घरीही दिवाळी असते. नातवाने परतल्यावर पुठ्ठ्याचे पक्षी कापून गॅलरीत दोऱ्यांना लावले आहेत, ते वाऱ्यावर फिरतात आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या पणत्यांवर त्यांच्या सावल्या हलतात.

या सर्व सहलींना दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची मोठी बाटली पुरते. दुपारी ऊन चांगलेच तापते, म्हणून पहाटे निघून बारापर्यंत चढउतार आटोपावा. गडांवर आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, उग्र अत्तर आणि गाणी वाजवणारे यंत्र यांना पूर्ण मज्जाव असावा. परतताना रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसलेल्या बायकांकडून सीताफळे घ्यावीत, आणि भावासाठी घासाघीस करू नये. नवरात्रात सप्तशृंगगडाच्या वाटेने खानदेशातून पायी येणारे भाविक असतात, कोजागरीला कावडी घेऊन जाणारे असतात. त्या दिवसांत तो रस्ता त्यांच्यासाठी मोकळा सोडून आपण सहलीसाठी दुसरी दिशा धरलेली बरी. वसुबारसेच्या दिवशी पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर वाघबारस असते. तेथे कोणी बोलावले तर पाहुण्यासारखे जावे, छायाचित्रांसाठी गर्दी करू नये.

संपादक महोदय, आपल्याकडे माझे एक मागणे आहे. पावसाळ्यात आपण रोज धरणांचा पाणीसाठा छापता आणि आम्ही तो चहाच्या कपाबरोबर वाचतो. तशीच चार ओळींची एक चौकट घटस्थापनेपासून त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत दर शनिवारी छापावी : सोनकी कोठे फुलली आहे, हळव्या भाताची कापणी कोणत्या बाजूला सुरू झाली, दिंडोरीत छाटणी कोठवर आली, नांदूरमधमेश्वरला कोणते पक्षी उतरले. तालुक्या-तालुक्यांतले आपले वार्ताहर ही माहिती सहज देऊ शकतील, आणि रविवारी कोठे जावे हा प्रश्न अनेक घरांत सुटेल. शाळांनाही विनंती आहे की दिवाळीच्या गृहपाठात दहा पाने शुद्धलेखन देण्याऐवजी ‘पाहिलेली एक जागा आणि तिच्यावरून केलेली एक वस्तू’ एवढेच द्यावे. ती वस्तू वाकडी असली तरी चालेल, मात्र पालकांनी ती सरळ करू नये.

पहिल्या चौकटीसाठी मजकूर मीच देते : काल सकाळी त्र्यंबक रस्त्यावर, अंजनेरी फाट्याच्या अलीकडे डाव्या हाताला, खुरासणी पूर्ण फुलली आहे आणि तिच्या शेजारच्या खाचरात भाताच्या लोंब्या वाकू लागल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
गंगापूर रोड, नाशिक